शिष्यवृत्तीची परतफेड : शारदा सदन ते हिंगणे

विद्यादानाची महती सर्व धर्मांनी गायिली आहे आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या न्यासांची आपल्या समाजात वाण नाही. मात्र शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थिनीने ती फेडावी कशी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचा पाया घातला जात असताना या प्रश्नाचे एक निराळेच उत्तर सिद्ध झाले. त्याचा उगम शोधू गेल्यास आपण थेट अमेरिकेतील महाविद्यालयीन युवतींपर्यंत जाऊन पोहोचतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे अडीच-तीन वर्षे त्या देशात राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांची स्थिती त्यांनी व्याख्यानांतून आणि १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथातून तेथील जनतेपुढे मांडली. त्याचा परिणाम म्हणून गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थिनींनीही असे एक मंडळ स्थापन केले. वर्षाला एक डॉलर, आणि तोही दहा वर्षे, अशी सभासदाची वर्गणी असे. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे या मंडळांची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता आणि ज्यांची स्वतःची कमाईही नव्हती, अशा मुलींनी एका अनोळखी विधवेच्या पाटी-पुस्तकासाठी दहा वर्षांचा शब्द द्यावा, ही गोष्ट आजही विचार करावयास लावणारी आहे.

या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. वयाच्या आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या या मुलीचे बंधू नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही होते. पुढे सदन पुण्यास गेले. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या वर्धापनदिनीच, कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी सदनात धर्मांतरास उत्तेजन मिळते या आरोपावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचा दोष किती, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली, ती ही की परक्याच्या पैशावर चाललेल्या कार्याकडे समाज संशयाने पाहतो आणि आपल्या मुलींच्या शिक्षणाचा भार आपणच उचलणे भाग असते.

कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. जमीन रावबहादूर गोखले यांनी दिली होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाल्यावर कर्वे पायी तेथे जात. पण माळरानावर शाळा उभी करणे तुलनेने सोपे होते. तुटपुंज्या वेतनावर जन्मभर काम करणारी माणसे आणावयाची कोठून, ही खरी अडचण होती. त्यासाठी १९०८ साली निष्काम कर्म मठ निघाला. मठाचे सभासद आपले आयुष्य संस्थेस वाहण्याची आणि संस्था देईल त्या निर्वाहावर समाधान मानण्याची प्रतिज्ञा घेत. आश्रमात विनामूल्य शिकलेल्या स्त्रियांनाही हा मार्ग खुला होता. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे शिष्यवृत्ती खर्चाच्या बाजूस न पडता भांडवलात जमा होत होती.

याचे सर्वांत ठळक उदाहरण गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे. विशीत विधवा झालेल्या पार्वतीबाई आश्रमाच्या आधारावर शिकल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागत देशभर हिंडल्या. १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या आणि १९२० साली परतल्या. ज्या देशातील मुलींच्या डॉलरवर थोरली परंपरा सुरू झाली, त्याच देशात तिची एक वारसदार भांडी घासून उभी राहिली!

जैन समाजातही याच सुमारास हीच जाणीव दिसते. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी तरुणपणीच्या वैधव्यानंतर मुंबईत श्राविकाश्रम चालविला आणि तेथून शिकवू शकणाऱ्या स्त्रिया तयार व्हाव्यात म्हणून देह झिजविला.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. पदवीला ‘गृहीतागमा’ असे भारदस्त नाव होते. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाखांचे दान जाहीर केले. साडेतीन टक्क्यांनी त्याचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होते. कापडाच्या व्यवसायाने महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाला दिलेली ही देणगी अभिमानास्पदच आहे. तरीही एवढ्याने भागले नाही. सत्तरीच्या कर्व्यांना १९२९ नंतर युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेत निधीसाठी फिरावे लागले.

हिंगण्याच्या संस्थेने मात्र त्याआधीच, १९१९ च्या सुमारास, दुसरी वाट धरली होती. ती म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीत प्रत्येक घरातील भावाने एक ओवाळणी अनोळखी बहिणीच्या शिक्षणासाठी द्यावी, रक्कम कितीही लहान असो. पावतीपुस्तक घेऊन दारी येणाऱ्या सेविका अनेक वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांत अशाही स्त्रिया असत, ज्यांची स्वतःची फी कधीकाळी याच निधीतून भरली गेली होती.