तारीख आणि किस्सा

उर्दू शाळांत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. तारीख म्हणजे दिनांकही. त्यामुळे सनावळी पाठ झाली की इतिहास आला, असे मुलांना वाटते. पण सन स्वतः काही बोलत नाही. बोलतो तो किस्सा, आणि किस्सा म्हटला की सांगणारा आलाच.

मुहम्मद बिन तुघलकाचेच पाहा. 1327 च्या सुमारास त्याने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानी नेली. पुढे काय झाले ते आपल्याला मुख्यतः तिघे सांगतात. इसामीचे नव्वदीतले आजोबा या सफरीत पहिल्याच मुक्कामी वारले. त्याने 1350 मध्ये ग्रंथ पुरा केला तो अलाउद्दीन हसन बहमनशहाच्या आश्रयाने, आणि बहमनशहा तर तुघलकाविरुद्धच्या बंडातून तख्तावर आलेला! अशा दरबारात सुलतान जालीमच ठरणार. बरनी सतरा वर्षे सुलतानाचा नदीम होता. पण त्याने लिहिले 1357 च्या सुमारास, म्हातारपणी, दरबारातून दूर झाल्यावर, हलाखीत. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, असे तो म्हणतो. इब्न बतूता दिल्लीस पोहोचलाच 1334 मध्ये. आंधळ्याला फरफटत नेले आणि दौलताबादेत त्याचा फक्त पाय पोहोचला, ही त्याची गोष्ट त्याने पाहिलेली नव्हे, ऐकलेली.

आगा महदी हुसेन यांनी 1938 मध्ये या बखरींसमोर दगड आणून ठेवले. दिल्ली परिसरातले 1327 व 1328 चे संस्कृत शिलालेख सांगतात की तिथे लोक नांदत होते, विहिरी बांधत होते. म्हणजे हलवले गेले ते मुख्यतः उमराव, उलेमा, सूफी आणि त्यांची कुटुंबे. मात्र म्हणून सुलतानाला केवळ दूरदृष्टीचा राजा ठरवायचे, हाही एक किस्साच. इसामीच्या आजोबांचा मृत्यू शिलालेखाने पुसला जात नाही.

इतिहासकार घटनांना कथानक देतो, असे हेडन व्हाइट यांनी 1973 मध्ये मांडले. मला त्यापेक्षा साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: गोष्ट कुठे थांबवायची? सुलतान दिल्लीला परतला तिथे थांबवली, तर ती फजितीची गोष्ट होते. मराठीतला ‘तुघलकी कारभार’ हा शब्द तिथेच थांबला आहे. पण याच स्थलांतरात आलेले बुऱ्हानुद्दीन गरीब परतले नाहीत. 1337 मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांचा दर्गा खुलदाबादला आहे. दिल्लीकरांची बोली दख्खनच्या मातीत रुजली आणि मराठीचे शब्द घेत दखनी झाली. गोष्ट इथवर आणली, तर तिचा नायकच बदलतो. मग सुलतान मागे पडतो आणि चालत आलेली माणसे पुढे येतात.

‘तुघलकाची योजना का फसली?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास असतो. त्या योजनेतून इथे काय वसले, असा प्रश्न मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.