भय की प्रीती?

धर्म भयाने सांगावा की प्रेमाने? ख्रिस्ती धर्मापुरते पाहिले, तर गोमंतकात दोन्ही वाटा एकाच काळी चालू होत्या. १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मधला अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. त्याच राजवटीत फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठी ओवीत छापले गेले. ज्ञानोबांची ओवी ऐकत वाढलेल्या आपणां मेहकरकरांस त्यातली आपुलकी सहज कळेल. पण स्टीफन्स यांच्या पाठीशीही राजसत्ता होतीच!

म्हणून आम्हांस टिळकांचे घर अधिक बोलके वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे त्या पतीच्या घरी आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी ते चालू दिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, स्वतःच्या विचाराने.