क्रमलावणी साधने

वस्तू, संख्या, घटना किंवा कृती यांचा क्रम ओळखण्यास व लावण्यास शिकविणारे वर्गातील साहित्य. मारिया माँटेसरी यांच्या बालगृहातील गुलाबी मनोरा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण (पाहा : माँटेसरी पद्धती). त्यात १ ते १० सेंमी. बाजूचे दहा घन उतरत्या क्रमाने रचतात. चूक मुलाला रचनेतच दिसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) आणि कोसबाड (१९५७) येथे खडे, बिया, पाने अशा परिसरातील वस्तू वापरून स्वस्त साहित्य घडविले (पाहा : बालवाडी). खेड्यातील शाळांसाठी हे कार्य विशेष मोलाचे होय.

भाषेत चित्रकथेच्या सुट्या पट्ट्या, इतिहासात कालरेषा, गणितात मणिमाळेपासून अंकगणिती श्रेढीपर्यंत (पाहा : क्रमिका) साधने वापरतात. भूगोलात वाहतुकीचा मार्ग उपयोगी पडतो. कोलकाता मेट्रोचा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झालेला पहिला टप्पा एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन, भवानीपूर (आताचे नेताजी भवन) असा होता. हा क्रम उलटा वाचला तरी स्थानकांचे शेजार कायम राहतात. अंडे, अळी, कोश, फुलपाखरू हा क्रम मात्र उलटत नाही. स्थानक्रम आणि कालक्रम यांतील हा भेद अशा साधनांनी स्पष्ट होतो (पाहा : कार्यकारणभाव).