गोधडी, गेवराई परिसरातील

गोधडी : जुन्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेले अंथरूण वा पांघरूण. मराठवाड्यात व दक्षिण महाराष्ट्रात तिला ‘वाकळ’ असेही म्हणतात. उत्तर कर्नाटकातील कौदी, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी व सिंधमधील रल्ली हे तिचेच सगोत्र प्रकार होत. बीड जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेला गेवराई तालुका हा कापूस पिकविणारा प्रदेश असून तेथील गोधडीचा इतिहास हा वस्तुतः कापड मिळण्याचा, वापरण्याचा आणि पुरवून पुरवून वापरण्याचा इतिहास आहे.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. मगधातील शेतांच्या बांधांची आखणी पाहून, कापलेले तुकडे त्याप्रमाणे जोडून चीवर करावे, असे बुद्धाने आनंदास सुचविल्याची कथा विनयपिटकातील महावग्गात आढळते. टाकून दिलेल्या चिंध्यांपासून केलेल्या भिक्षुवस्त्रास ‘पांसुकूल’ ही संज्ञा होती. नाथपंथी योग्यांच्या वेषातही कंथेला स्थान होते. आधुनिक काळात संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखले गेले. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे सोळाव्या शतकातील संतकवी दासोपंत यांनी आपले पंचीकरण  पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यावयाच्या जाड सुती वस्त्रावर, लिहिले. विरक्ताने गोधडी स्वेच्छेने पत्करली. कुणब्याच्या घरी मात्र ती गरजेपोटी आली, हा भेद या परंपरेचा विचार करताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गोदावरीच्या या खोऱ्यात कापडाचा व्यापार फार जुना. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस  या ग्रंथात प्रतिष्ठान (पैठण) व तगर (तेर) या बाजारपेठांचा उल्लेख असून तगरहून साधे कापड मोठ्या प्रमाणावर भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात नमूद आहे. पुढे पैठणी व हिमरू या उंची वस्त्रांना दरबारी आश्रय लाभला व त्यांची नोंदही राहिली. गोधडीला असा आश्रयदाता नव्हता. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ही घटना इतिहासग्रंथांत तपशिलाने येते. त्याच गावांतील घराघरांतून शिवल्या गेलेल्या पांघरुणांचा मात्र कोणत्याही दप्तरात उल्लेख नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चित्रात मोठा बदल घडला. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. १८५६ मध्ये लागलेल्या कृत्रिम रंगाच्या शोधानंतर स्वस्त कापडातही गडद रंग येऊ लागले. १९०० मध्ये मनमाड–हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला. तो गोदावरीच्या उत्तरेकडील जालन्यावरून जात असल्याने निजामी राज्यातील या भागाचा कापूस बाहेर जाणे व गिरणीचे कापड आत येणे सुलभ झाले. शेतातून बोंडाच्या रूपाने गेलेला कापूस लुगडे व धोतर होऊन परत येई आणि ते विरल्यावर गोधडीत विसावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई निर्माण होऊन १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कापडावर नियंत्रण आणावे लागले. अशा काळात जुन्या वस्त्राचे मोल आणखी वाढले.

गोधडीचे मान लुगड्यावरून ठरते. नऊवारी लुगडे सु. ८·२ मी. लांब असते, त्याची चौघडी केल्यास सु. २ मी. लांबीचे चार थर मिळतात. माणसाच्या उंचीस हे माप पुरेसे होते. धड राहिलेले लुगडे वरखाली व विरलेली वस्त्रे मध्ये, अशी रचना सामान्यतः असते. वरचा थर पुरेसा मोठा नसेल, तर तो पट्ट्या जोडून करतात. प्रथम शिवण उसवून, बटणे व काठ काढून कापड धुतात. नंतर कडेला कात्रीने लहानशी चीर देऊन ते दोन्ही हातांनी फाडतात. साध्या विणीचे सुती कापड सुताच्या रेषेत फाटते, त्यामुळे आखणीशिवायही पट्टी सरळ येते. तिरप्या धाग्याचे कापड ताणले जाऊन गोधडीला झोळ येतो, म्हणून ते टाळतात. शर्टाच्या बाह्या, गळ्याकडील भाग व शिंप्याकडून आणलेले कातरण यांना सरळ कडा नसल्याने तेथे कात्री वापरणे भाग पडते. मापासाठी बोटे, वीत व हात ही परिमाणे पुरतात.

पट्टीची रुंदी हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. चार बोटांची, म्हणजे सु. ८ सेंमी. रुंदीची पट्टी दोन्ही कडांना एकेक सेंमी. दुमडल्यास ६ सेंमी. दिसते. १२० सेंमी. रुंदीच्या गोधडीस अशा २० पट्ट्या व त्यांसाठी एकूण १६० सेंमी. रुंदीचे कापड लागते. म्हणजे चौथा हिस्सा दुमडीत जातो. पट्टी १२ सेंमी. रुंद ठेवल्यास हाच खर्च सहाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे कापडाची ओढ असलेल्या घरी पट्ट्या रुंद राखणे हिशेबाचे ठरते, तर लहान तुकड्यांखेरीज काही नसेल तेथे दुमडीचा तोटा सोसावाच लागतो. पट्ट्या हाताने फाडून जोडण्याची रीत अन्यत्रही आढळते. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या सेमिनोल स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिवणयंत्रावर पट्ट्यांची कपडे-सजावट विकसित केली. १९७९ मध्ये जपानमध्ये कापडासाठी फिरत्या गोल पात्याची सुरी निघाली व पाश्चात्त्य घरांतून पट्ट्या कापण्याचे काम जलद झाले.

थर पसरल्यावर ते सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घालतात. पक्की शिवण कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत नेतात किंवा समांतर ओळींत घालतात. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी वापरून मऊ झालेले कापडच निवडतात. शिवणीचा हंगाम उन्हाळ्याचा. त्या वेळी शेतातील कामे संपलेली असतात. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व गोधड्या धुऊन उन्हात वाळविण्याची चाल आहे.

गेवराईच्या संदर्भात गोधडीस आणखी एक अर्थ आहे. प्रवरानगर येथे १९५० मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे कारखान्यांची संख्या वाढली, तसे बीड जिल्ह्यातील गावे व बंजारा तांडे यांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी बाहेर पडू लागली. १९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतरास बळ दिले. नवराबायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते व ती मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन दिवाळीच्या सुमारास निघते. भांडी, धान्य आणि गोधड्या हाच तिचा संसार. फडाजवळच्या कोपीत, ऐन थंडीत, जमिनीवर अंथरावयास व अंगावर घ्यावयास गोधडीच लागते. परतल्यावर उन्हाळ्यात तीच स्त्री फाटलेली गोधडी दुरुस्त करते. या श्रमाची मजुरी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

१९७० नंतर टेरिलीन, पॉलिएस्टर यांसारख्या कृत्रिम धाग्यांच्या साड्यांचा प्रसार झाला. हे कापड घाम टिपत नाही, सुईखाली निसटते व सरळ रेषेत फाटत नाही. नऊवारी लुगडी व धोतरे नेसणारी पिढी ओसरत गेल्याने गोधडीचा मूळ कच्चा मालच दुर्मिळ झाला. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या बंद पडल्या. यंत्रमागाच्या स्वस्त चादरी व ब्लँकेटे बाजारात आली. दुसरीकडे शहरांत गोधडी हस्तकला म्हणून विकली जाऊ लागली. तीत बहुधा नवे कापड वापरतात. ते कापड सारखे व पट्ट्या नेटक्या असतात, परंतु अंगावरून उतरलेल्या वस्त्राशी तिचा संबंध उरत नाही.

इतिहासाचे साधन म्हणून गोधडीचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. जीर्ण गोधडी टाकून न देता नव्या गोधडीत भर म्हणून घालण्याची रीत असल्याने एकाच गोधडीत दोन-तीन पिढ्यांचे कापड सापडू शकते. हातमागाचे जाडेभरडे सूत, गिरणीचे छापील कापड व कृत्रिम धागा हे थर क्रमाने वाचता येतात. मात्र गोधडी वापरातच झिजून नष्ट होते आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा घरातील वृद्ध स्त्रीच असते. म्हणून वस्तूबरोबर तिची ही माहितीही तिच्या हयातीत लिहून घेतली, तरच गेवराईसारख्या भागातील सामान्य कुटुंबांच्या वस्त्रव्यवहाराचा इतिहास पुढील अभ्यासकांस उपलब्ध होईल.