पखाल, फिरकी आणि वायसर

बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीहून उडालेलं विमान वर जाऊन स्थिरावतं, पट्टे सोडायची परवानगी मिळते, आणि कुठल्या तरी रांगेत एक छोटं कारंजं उडतं. तहानलेला प्रवासी बाटलीची दुमडलेली स्ट्रॉ वर करतो, पाणी थेट शर्टावर, फार तर शेजाऱ्याच्या चष्म्यावर. मग रुमाल निघतो आणि बाटलीच्या नावाने खडे फोडले जातात: महागाची घेतली तरी गळकीच निघाली!

गळकी असती तर हे झालंच नसतं. देवनहळ्ळीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवर आहे. तिथे झाकण लावलं की बाटलीत तिथल्या दाबाची हवा कोंडली जाते. उड्डाणात केबिनमधला दाब उतरतो. २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका खाली जाऊ शकतो. कोंडलेली हवा फुगू पाहते, पाण्यावर रेटा देते, आणि स्ट्रॉचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असल्याने बाहेर पडायची वाट पाण्यालाच सापडते. मुंबईत, समुद्राच्या काठी बंद केलेल्या बाटलीत दाबाचा हा फरक देवनहळ्ळीच्या दीडपटीहून जास्त पडतो, म्हणून तिथलं कारंजंही जोरकस. झाकण ढिलं असतं तर हवा वाटेतच निसटून गेली असती. कारंजं उडालं म्हणजे झाकण पक्कं आहे.

झाकणाकडून इतक्या पक्केपणाची अपेक्षा तशी अलीकडची. पाण्याच्या भांड्याने पाझरावं, हीच आपल्याकडची जुनी रीत. नवा माठ घरात आला की त्याच्या अंगावर ओल फुटते का, हे आधी पाहिलं जायचं. बाहेर आलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार. सुरईचं तेच. प्रवासातही हीच युक्ती चाले. जीपच्या पुढे किंवा ट्रकच्या बाजूला लटकणारी जाड कॅनव्हासची पिशवी, म्हणजे छागल, जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल. कापड भिजलं की धागे फुगतात आणि वीण घट्ट होते, तरी थोडी ओल बाहेर येत राहते. धावत्या गाडीचा वारा लागला की भर वैशाखात पाणी गार. संस्कृतात छाग म्हणजे बोकड. आधी पिशवी बोकडाच्या कातड्याची होती, मग कापडाची झाली. बोकड गेला, नाव राहिलं.

कातड्याच्या या घराण्यातली थोरली पाती म्हणजे पखाल. पयस् म्हणजे पाणी आणि खल्ल म्हणजे कातडं, अशी तिची व्युत्पत्ती सांगतात. बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी ही पिशवी गावाला पाणी पुरवी, आणि फौजेलाही. देवनहळ्ळीने फौजा काही कमी पाहिल्या नाहीत. १७४९ मध्ये म्हैसूरकरांनी या किल्ल्याला वेढा घातला, त्यात हैदर अली प्रथम पुढे आला. टिपूचा जन्म याच गावातला. पुढे मराठेही इथे लढून गेले आणि १७९१ मध्ये इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसने किल्ला घेतला. त्या काळच्या लष्करात तोफा ओढणाऱ्या बैलांइतकीच पाणी वाहणाऱ्या जनावरांचीही गरज असे. धाकटी पाती मशक: शेळी-बोकडाची अखंड सोलून काढलेली कातडी, एका माणसाच्या खांद्यावर मावणारी. ती वाहणारा तो भिस्ती. हा शब्द फारसी बिहिश्तीपासून आला, म्हणजे स्वर्गातला माणूस. तहानलेल्याला तो तसाच वाटणार!

नीट शिवलेली मशक किती घट्ट असे, याचा दाखला इतिहासातच आहे. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या भिस्त्याने फुगवलेल्या मशकीच्या आधाराने त्याला पैलतीराला नेलं. बादशहाने उपकार फेडायला त्याला औटघटकेचं सिंहासन दिलं, असं सांगतात. हवा धरणारी पिशवी पाणीही धरतेच. मात्र मशकीला झाकण नव्हतं. तोंड मुठीत आवळायचं किंवा वादीने बांधायचं. भिस्ती शेजारी असेतो ते ठीक, पण मशक कुणी कपड्यांच्या गाठोड्यात घालून ठेवत नसे.

पाणी सांडता कामा नये, अशी सक्ती पहिल्यांदा केली ती धर्माने. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, वाटेत एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी ते पाणी पाजल्याची कथा मराठी मनाला एवढी भिडते, ती हजार मैल जपलेल्या पाण्याचं मोल ठाऊक असल्यामुळेच. यात्रेहून परतणारे लोक गंगेचे छोटे तांब्याचे गडू आणत. त्यांची तोंडं डाग देऊन कायमची बंद केलेली असत. फोडल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी गंगाजल चांदीच्या प्रचंड घागरींतून नेलं. त्यातल्या दोन, प्रत्येकी सुमारे ३४५ किलो वजनाच्या, आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये उभ्या आहेत. कुठल्याही पिशवीत न मावणारी बाटली ती हीच.

डाग देऊन बंद केलेला गडू उघडता येत नाही आणि साधा तांब्या बंद करता येत नाही. मधली वाट काढली फिरकीच्या तांब्याने. पितळेचा किंवा तांब्याचा, पोट फुगीर, मान आखूड, वर धरायला कडी आणि तोंडाला आटे पाडलेलं फिरकीचं झाकण. आतून कल्हई केलेली असली की पितळेचाही पाण्याला त्रास नाही. आगगाडीच्या प्रवासात, लग्नाच्या वऱ्हाडात, माहेरी निघालेल्या लेकीच्या सामानात तो असायचाच. स्टेशनच्या नळावर भरायचा, फिरकी आवळायची आणि डब्यात दोन पायांमध्ये उभा करून ठेवायचा.

उभा, हे महत्त्वाचं. धातूच्या आट्यांवर धातूचे आटे बसले तरी मधे केसाएवढी फट राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते. धक्क्याने पाणी हिंदकळलं तर फिरकी ते अडवी. आडवा केला की तांब्या ठिपकू लागे. आट्यांचं काम झाकण दाबून धरायचं. फट बुजवायला तिसरं कुणी तरी लागतं.

तो तिसरा आला रबराच्या झाडाच्या चिकातून, पण सरळ आला नाही. नुसतं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडके. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक मिसळून तापवलेलं रबर दोन्ही ऋतूंत लवचीक राहतं, हे सापडलं. पेटंट मिळायला १८४४ उजाडलं. मग १८५८ च्या ३० नोव्हेंबरला जॉन मेसन या पत्रे ठोकणाऱ्या कारागिराने काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं. त्याची खुबी आटे पाडण्यात नव्हती, ते थांबवण्यात होती. बरणीच्या खांद्यापर्यंत पोचण्याआधीच त्याने आटे विरू दिले, म्हणून जस्ताचं झाकण खाली सपाट बसू शकलं आणि मधे रबराची कडी दाबली गेली. आवळायचं काम आट्यांचं, बुजवायचं काम कडीचं. आजच्या प्रत्येक बाटलीत कामाची हीच वाटणी आहे.

हीच कडी वेगळ्या अवतारात आपल्याकडेही रुळली. हायरम कॉडने १८७२ मध्ये लंडनमध्ये पेटंट घेतलेली सोड्याची बाटली म्हणजे आपला गोटी सोडा. मानेत एक काचेची गोटी, तोंडाशी रबराची कडी. सोड्यातला वायू गोटीला वर रेटतो आणि ती कडीवर घट्ट बसते. अंगठ्याने गोटी खाली ढकलली की फट्‌ असा आवाज, आणि बंदोबस्त संपला. दाब आहे तोवरच ही बाटली बंद. साध्या पाण्यासाठी ती कामाची नाही. पाण्याला हवी होती दाब असो नसो, फट बुजवणारी कडी. ती नेमकी सोडवणूक डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टेनसेनने केली. १९३७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तो एका खाचेत बसवलेल्या गोल कडीसाठी. बाहेरून दाब आला की ती खाचेत पसरून जास्तच घट्ट बसते. पुढे रबराच्या जागी सिलिकॉन आलं, ज्याला वास नाही आणि उकळत्या पाण्याचं भय नाही. झाकण उलटं करून पाहिलं तर पांढरी किंवा पारदर्शक कडी दिसते ती हीच. प्लंबर तिला वायसर म्हणतो, गृहिणी कुकरच्या सवयीने रिंग.

बाटलीच्या पोटाची कहाणी निराळी. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये दोन काचांमधली हवा काढून प्रयोगशाळेसाठी फ्लास्क केला आणि पेटंट घ्यायचं राहून गेलं. जर्मनीच्या राइनहोल्ड बर्गरने त्याचा धंदा केला, आणि १९०४ मध्ये थर्मॉस हे नाव बाजारात आलं. काचेच्या या धंद्याशी मराठी मुलखाचंही जुनं नातं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून, टिळकांच्या पाठबळाने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. पुढे त्याच तळेगावात ईगलचे फ्लास्क होऊ लागले. दवाखान्यात चहा नेणारा ईगल कित्येक घरांनी पिढीभर वापरला, पण तोही हातात, उभाच न्यायचा. काचेचं पोट फुटायची भीती होतीच. विल्यम स्टॅनलीने १९१३ मध्ये केलेली सगळी पोलादाची बाटली इथल्या दप्तरात पोचायला फार वर्षं लागली.

मधली जागा प्लॅस्टिकने भरली. मुंबईत १९७२ मध्ये मिल्टन सुरू झालं आणि शाळेच्या फाटकाशी दिसू लागली ती वॉटरबॅग. होती बाटलीच, म्हणायचे बॅग, जणू पखालीचा वारसा सांगायला. झाकण म्हणजेच पेला, आणि खांद्याला पट्टा. पट्ट्यामुळे ती दप्तराबाहेर राही. गळली तर चड्डी भिजे, वह्या वाचत. १९९६ मध्ये टपरवेअर भारतात आलं, बाटली सरळ दप्तरात शिरली आणि गळती हा गुन्हा ठरला. दप्तराची लॅपटॉपची बॅग झाली तेव्हा तो अक्षम्य झाला.

देवनहळ्ळीच्या वाटेवर हे सगळं एकत्र येतं. शहरातून तास-दीड तासाचा प्रवास, वायू वज्र बसमध्ये मांडीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप आणि त्याला खेटून आडवी पडलेली बाटली. परदेशी जाणाऱ्याला ती तपासणीपूर्वी रिकामी करावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून उडणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. पलीकडे गेल्यावर बाटली भरायची. सरकारनेही तिची दखल घेतली आहे: २०२३ च्या जुलैत पाण्याच्या बाटल्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश निघाला. आणि गंमत म्हणजे आरोग्याच्या नावाने पुन्हा आलेल्या तांब्याच्या बाटल्या म्हणजे लांबट केलेला फिरकीचा तांब्याच, फक्त झाकणात आता सिलिकॉनची कडी.

म्हणून बाटली निवडताना पोटाआधी झाकण पाहावं. बॅगेत आडवी ठेवायची असेल तर साधं फिरकीचं झाकण सगळ्यांत भरवशाचं: एक तोंड, एक कडी. खटक्याच्या झाकणाला दोन जागा सांभाळाव्या लागतात. स्ट्रॉच्या झाकणात पाणी ओढताना हवा आत यावी म्हणून एक बारीक छिद्र असतं, म्हणजे तिसरी जागा आली. विमानात स्ट्रॉचीच बाटली असेल तर स्ट्रॉ उघडण्याआधी झाकण पाव फेरा ढिलं करावं. हवा फुस्स करून निघून जाते आणि शेजारी कोरडा राहतो. ताक भरून दिवसभर घट्ट बंद ठेवू नये, ते आंबून वायू धरतं. घरची परीक्षा सोपी आहे. बाटली भरून, बाहेरून कोरडी पुसून, वर्तमानपत्रावर रात्रभर आडवी ठेवावी. कागदाला खोटं बोलता येत नाही.

एवढं करूनही दोन वर्षांनी बाटली ठिपकू लागली, तर बहुतेक जण नवी बाटली आणतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण इथे अगदी शब्दशः बसते. स्टीलच्या पोटाला काहीही झालेलं नसतं. कडी दबून चपटी झालेली असते, तिच्यात बुरशी धरलेली असते, किंवा धुताना काढून ती उलटी बसवलेली असते. तेव्हा दुकानात बाटली किती तास गार ठेवते हे विचारण्याआधी तिचा वायसर सुटा मिळतो का, ते विचारा. मिळत नसेल, तर ती बाटली दुकानातच राहू द्या.