बॉयलरच्या पोटातला गंज

'पाण्याने लोखंड गंजते' असे आपण सहज म्हणतो. खानदेशातील वाफेच्या इतिहासाकडे पाहिले, की हे विधान अपुरे असल्याचे ध्यानात येते.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला, १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्याशी जोडला गेला आणि भुसावळ मोठे जंक्शन झाले. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे शाखा सुरू झाली. वाफेच्या इंजिनातील वाफ काम करून धुराड्यातून निघून जाई, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा ताजे पाणी भरावे लागे. या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे थर नळ्यांवर बसत. ते डोळ्यांना दिसत, काढताही येत.

दुसरा शत्रू दिसत नसे. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. २५° सेल्सिअसला एक लिटर पाण्यात तो सुमारे ८ मिलिग्रॅम असतो. तो लोखंडाला जागोजागी खोल खड्डे पाडतो. बाहेरून बॉयलर धडधाकट दिसतो, पण आतून पत्रा पातळ होत जातो. तो दाबाखाली फुटला, तर शेजारी उभ्या कामगाराच्या जिवावर बेतते. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

भुसावळजवळ दीपनगरला १९६८ मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. अशा केंद्रात वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा बॉयलरमध्ये सोडतात. आधी पाणी तापवून त्यातील वायू हाकलतात. उरलेला ऑक्सिजन हायड्रॅझीनसारख्या रसायनाने काढता येतो:

N₂H₄ + O₂ → N₂ + 2H₂O

पाणी किंचित अल्कधर्मी ठेवले, की लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा, घट्ट थर बसतो आणि तोच धातूचे रक्षण करतो.

थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी गरम पाण्याचे नळ फिरवतात. तेथेही हाच नियम लागू आहे. बंद नळांतले जुने पाणी ऑक्सिजन संपल्यावर फारसे उपद्रव देत नाही. गळती झाली, नवे पाणी भरले, की गंज पुन्हा सुरू होतो.

वर्गात दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकीत नळाचे पाणी व खिळा ठेवून ती उघडी ठेवावी. दुसरीत उकळून घेतलेले पाणी, खिळा आणि वर तेलाचा थर द्यावा. आठवड्याने दोन्ही खिळे पाहून विद्यार्थ्यांना विचारावे: यातली इंजिनाची नळी कोणती आणि दीपनगरची कोणती?