जुन्या विमानांची उड्डाणयोग्यता

गतकाळातील शस्त्रे जपून ठेवण्याची हौस सर्वच देशांत आढळते. किल्ल्याच्या बुरुजावरील तोफ किंवा वाड्याच्या भिंतीवर टांगलेली तलवार यांच्यापासून आज कोणास भय उरलेले नाही. त्यांची निगा राहिली नाही तर फार तर त्यांच्यावर गंज चढेल. युद्धातील विमानाची गोष्ट मात्र निराळी आहे. संग्रहालयात उभे असेतोवर तेही तोफेइतकेच निरुपद्रवी असते. परंतु त्याची इंजिने पुन्हा सुरू करून आणि त्यात माणसे बसवून ते आकाशात नेण्याचे ज्यांनी ठरविले, त्यांच्या शिरावर एक निराळीच जबाबदारी येऊन पडते. विमानविद्येच्या परिभाषेत तिला उड्डाणयोग्यता राखणे असे म्हणतात. ही जबाबदारी म्हणजे काय, हे दोन जुन्या विमानांच्या कहाणीवरून आज आपण पाहणार आहोत. त्यांपैकी एक विमान वीस वर्षे आपल्या वायुदलाच्या सेवेत होते.

उड्डाणयोग्यतेचा दाखला ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या पाठोपाठ रूढ झाली. १९१९ साली पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असा दाखला विमानाजवळ असला पाहिजे असे ठरले. विमान उड्डाणयोग्य आहे असे म्हणताना दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली ही की, ते मान्य आराखड्याबरहुकूम बांधलेले आहे. आणि दुसरी ही की, या घडीस ते सुरक्षितपणे उडण्याच्या स्थितीत आहे. पहिली गोष्ट कागदपत्रांवरून पुष्कळ अंशी सिद्ध करता येते. दुसरी मात्र प्रत्येक उड्डाणाबरोबर थोडी थोडी झिजत असते आणि तपासणी करूनच ती पुन्हा भरून काढावी लागते. जुन्या लष्करी विमानाच्या बाबतीत ही झीज भरून काढणे विशेष कठीण. कारण त्याचा मूळ कारखाना बहुधा बंद झालेला असतो, सुटे भाग मिळेनासे होतात, आणि ज्यांना त्या यंत्राची नाडी कळत होती ते कारागीरही काळाच्या ओघात नाहीसे होतात.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कानपूरजवळ चकेरीच्या विमानतळावर ब्रिटिश वायुदलाची कितीतरी लिबरेटर विमाने पडून राहिली होती. चार इंजिनांची ही अवजड बाँबफेकी विमाने अमेरिकेने उसनवारीच्या कायद्यान्वये ब्रिटनला दिलेली होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाताना त्यांची जाणूनबुजून मोडतोड करण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली, सांगाडे फोडले. स्वतंत्र भारताला बाँबफेकी विमानांची निकड भासली तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने याच भंगाराकडे दृष्टी वळविली. एका विमानाचा चांगला भाग काढून दुसऱ्यास बसवावयाचा, विमान उडण्यापुरते सज्ज करावयाचे आणि सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर तोडून बंगळूरला न्यावयाचे, असा क्रम सुरू झाला. ही विमाने नेण्याचे धाडसी काम कारखान्याचे परीक्षक वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. बंगळूरला पोहोचल्यावर प्रत्येक विमानाची कसून दुरुस्ती होई आणि मगच ते वायुदलाच्या हवाली केले जाई. १९४८ च्या अखेरीस या विमानांचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. पुढे पुण्याजवळ लोहगाव येथेही लिबरेटरचे एक स्क्वाड्रन होते. जाणूनबुजून नासविलेल्या या विमानांनी १९६८ पर्यंत सेवा केली.

सेवानिवृत्तीनंतर यांतील काही विमाने परदेशच्या संग्रहालयांत गेली. एक विमान १९८० नंतरच्या काळात ब्रिटनमार्गे अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेकडे पोहोचले. मोठ्या खटपटीने दुरुस्त होऊन १९८९ साली ते पुन्हा उडाले. गावोगावी जाऊन जुनी विमाने लोकांना दाखविणे, आणि पैसे भरणाऱ्या हौशी प्रवाशांना त्यांतून फेरी मारून आणणे, असा या संस्थेचा उपक्रम होता. युद्धात लढलेले म्हातारे सैनिक नातवंडांचे बोट धरून तेथे येत आणि आपण कोठे बसत होतो ते त्यांना दाखवीत. हा उपक्रम स्तुत्य होता यात शंका नाही.

याच संस्थेच्या ताफ्यात बी-१७ जातीचे दुसरे एक बाँबफेकी विमान होते. त्याचे नाव 'नाईन-ओ-नाईन'. १९४५ साली बांधलेले हे विमान प्रत्यक्ष युद्धात लढले नव्हते. परंतु पुढे अणुस्फोटाच्या चाचण्यांत उभे राहून आणि वणवे विझविण्याच्या कामी येऊन ते या संस्थेकडे आले होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी कनेटिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावरून दहा प्रवासी आणि तीन कर्मचारी घेऊन ते उडाले. काही मिनिटांतच उजव्या अंगाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि वैमानिकाने विमान परत वळविले. धावपट्टी गाठण्यापूर्वीच ते खाली आले, दिव्यांच्या खांबांना धडकले आणि पुढे घसरत जाऊन पेटले. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी मिळून सात माणसे प्राणास मुकली.

चौकशी करणाऱ्यांनी इंजिने उघडली तेव्हा जे आढळले ते विचार करावयास लावणारे आहे. अशा इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी मॅग्नेटो नावाचे यंत्र असते. ते स्वतःच वीज निर्माण करते. प्रत्येक इंजिनास दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, अशी ही दुहेरी योजना आहे. एक मॅग्नेटो रुसला तरी दुसऱ्याने इंजिन चालावे हा तिच्यामागील हेतू. या विमानाच्या चौथ्या इंजिनाच्या डाव्या मॅग्नेटोला तारेने बांधून जुजबी डागडुजी केलेली होती आणि तीमुळेच तो निकामी झाला होता. उजव्या मॅग्नेटोचा आतील भाग मर्यादेपलीकडे झिजला होता. नऊपैकी चार सिलिंडरांना त्याची ठिणगी नीट पोहोचत नव्हती किंवा मुळीच पोहोचत नव्हती. म्हणजे दुहेरी रक्षणाचे दोन्ही धागे एकाच वेळी तुटलेले होते. शेजारच्या तिसऱ्या इंजिनाच्या प्लगांतील फटीही ठरावीक मापाबाहेर गेल्या होत्या. यांत गूढ असे काहीच नाही. प्लग काढावा, पुसावा, फट मोजावी आणि पुन्हा बसवावा, हे काम कोणत्याही चांगल्या मेकॅनिकच्या हातचे आहे.

इंजिनाची शक्ती कमी झाल्यावर वैमानिकाने विमानाचा वेग आणि चाके यांचे व्यवधान नीट राखले नाही, हे अपघाताचे प्रमुख कारण म्हणून अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ साली नमूद केले. त्याबरोबरच, दौऱ्यावर असताना विमानाची देखभाल अपुरी झाली, संस्थेची सुरक्षाव्यवस्था नावापुरती होती आणि सरकारी खात्याची देखरेखही तोकडी पडली, असे स्पष्ट ठपके त्याने ठेवले. विमान चालविणारा आणि त्याच्या देखभालीचा प्रमुख ही एकच व्यक्ती होती, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे. त्या गृहस्थांचा अनुभव दांडगा होता. परंतु जो दुरुस्ती करतो, त्यानेच ती तपासावी आणि त्यानेच उड्डाणाचा निर्णय घ्यावा, अशी व्यवस्था असली म्हणजे चूक दाखविणारा दुसरा डोळाच उरत नाही. अशा विमानांतून पैसे घेऊन प्रवासी नेण्यास अमेरिकेत एरवी मनाई आहे. संस्थेला काही अटींवर खास सवलत मिळालेली होती. मार्च २०२० मध्ये ती रद्द करण्यात आली.

प्लग आणि मॅग्नेटो निदान हाताशी येतात. जुन्या विमानाचा दुसरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. पुनःपुन्हा ताण पडून धातू थकतो आणि त्यात केसाहून बारीक भेगा पडतात. २०२१ साली दुसऱ्या एका संस्थेच्या बी-१७ विमानाच्या पंखाच्या जोडणीत दोष आढळल्याने ते जमिनीवरच ठेवण्यात आले. पुढे २०२३ साली अमेरिकी खात्याने त्या जातीच्या सर्वच विमानांच्या पंखांची तपासणी सक्तीची केली. चुंबकीय कण आणि विद्युत्प्रवाह यांच्या साहाय्याने या भेगा हुडकून काढाव्या लागतात. येथे कोणाचा प्राण जाण्यापूर्वी दोष सापडला. विमान उडेनासे झाले म्हणून प्रेक्षक हिरमुसले असतील, पण तपासणीचे यश ते हेच.

हा प्रश्न आता आपल्याही अंगणात आला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरविणाऱ्या डाकोटा विमानांच्या स्मरणार्थ, ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले 'परशुराम' नावाचे डाकोटा २०१८ साली आपल्या वायुदलात दाखल झाले. ते आकाशात दिसले म्हणजे पाहणाऱ्यांचा ऊर भरून यावा हे स्वाभाविकच आहे. अशी विमाने उडूच नयेत असे म्हणणारे काही लोक आहेत. त्यांच्याशी सहमत होणे कठीण वाटते. उडणारे विमान इतिहासाची जी ओळख करून देते ती उभ्या विमानाला साधत नाही. परंतु त्या विमानाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला मॅग्नेटोची झीज कळत नाही, पंखातील भेग दिसत नाही. तो पूर्वजांच्या पराक्रमावर विश्वास ठेवून आत बसतो. त्या विश्वासाचे रक्षण पराक्रमाच्या आठवणीने होत नाही, आणि भिंतीवर लावलेल्या दाखल्यानेही होत नाही. ते होते नोंदवहीतील खऱ्या नोंदीने, आणि 'आज हे विमान उडणार नाही' असे सांगण्याचा अधिकार असलेल्या त्रयस्थ तपासणीसामुळे. कानपूरची मोडकी विमाने प्रत्येक भाग उघडून पाहिल्यावरच वायुदलाकडे गेली आणि वीस वर्षे चालली. ब्रॅडलीचे विमान मात्र गावोगावी मिरवत असताना आतून झिजत होते. जुने विमान उडवावयाचे असेल तर त्याला रंग देणाऱ्यांइतकाच मान त्याला थांबविणाऱ्या तपासणीसालाही दिला पाहिजे.